तिला कसलं टेन्शन?

संध्याकाळी सात वाजता आमच्या वहिनी कपाळाला ओढणी करकचून बांधून पोळ्या लाटत असतात. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, पित्त झालंय." आतून दादा म्हणतो, "घरातच तर असते, तिला कसलं टेन्शन?"

मला दोन्ही अमान्य. मळमळतं, उजेड सोसत नाही, अशी डोकेदुखी आपण पित्तावर ढकलतो. ती बहुतेकदा अर्धशिशी असते. वहिनींचं तसं नाही. त्यांचं डोकं दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं दुखतं, चालण्या-फिरण्याने वाढत नाही. डॉक्टर याला टेन्शन टाइप हेडेक म्हणतात. अर्ध्या तासात थांबेल, नाहीतर आठवडाभर पुरेल.

आता दादाचं. ताण म्हणजे फक्त कर्ज, कोर्टकचेरी नव्हे. पहाटे नळाला पाणी येईल का, मुलाची बस चुकेल का, सासूबाईंची गोळी राहिली का, हे दिवसभर डोक्यात चालू असतं आणि त्याला रविवारही नाही. तेवढा वेळ खांदे वर ओढलेले, दात आवळलेले. मान-कपाळाचे स्नायू सैल पडतच नाहीत. हे रोजचंच झालं की वेदना टिपणारी मज्जासंस्थाच हळवी होते; मग थोडक्यानेही दुखतं.

"मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांनी हात लावून पाहावं. वहिनींच्या मानेमागे, कवटीच्या बुडाशी मी नुसता अंगठा टेकवला तर त्या कळवळल्या.

ताण सगळ्यांनाच असतो, मग सगळ्यांचं डोकं का दुखत नाही? धूळ सगळ्यांच्याच नाकात जाते, दमा मोजक्यांना होतो. म्हणून कुणी दम्याला ढोंग म्हणत नाही.

आणि गोळी हा रोजचा उपाय नव्हे. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांवर घेतली, तर तीच डोकेदुखी लावते. कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्यांना 10 दिवसही पुरतात.

अचानक, क्षणात असह्य झालेलं डोकं, तापासोबत ताठलेली मान, लुळा पडलेला हात, अडखळणारी जीभ यांत मात्र ताणाचा विचार करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

बाकी दिवशी, दादा, बामाची डबी पुढे करण्याआधी लाटणं तू घे. वहिनींना तासभर अंधाऱ्या खोलीत पडू दे, आणि त्या वेळात त्यांना कुणी हाक मारू नका.