कंपनी सुटली, गाणे राहिले

अमेरिकेतील ब्लूज गायक कंपनीला रामराम ठोकून आपली ध्वनिमुद्रणे आपणच काढू लागल्याच्या वार्ता हल्ली वरचेवर कानी येतात, आणि ‘कलावंत अखेर स्वतंत्र झाला’ असा जयघोष होतो. मला तो जरा घाईचा वाटतो. आपल्यासारख्या संस्थानी शहरांतील जुन्या घरांना तरी हे सांगायला नको की, आश्रयदाता गेला म्हणून आश्रयाची गरज जात नाही.

ब्लूज हे मूळचे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचे, असा त्याचा नेहमीचा साधा बांधा. १९२० नंतर कंपन्यांनी त्यावर चांगला पैसा केला. पण बेसी स्मिथसारख्या ख्यातनाम गायिकेलाही तबकडीच्या बाजूमागे ठरीव रक्कम मिळे. विक्रीत वाटा नाही. कंपनीवरचा राग इतका जुना आहे.

कॅलिफोर्नियातील ओकलंडचा ‘फॅन्टास्टिक नेग्रिटो’ या नावाने गाणारा गायक याबाबतीत पाहण्यासारखा आहे. एका बड्या कंपनीने त्याच्याशी मोठ्या रकमेचा करार केला आणि १९९६ साली त्याचा पहिला संग्रह काढला. तो चालला नाही. पुढे मोटार-अपघातात तो तीन आठवडे बेशुद्ध होता, वाजवता हात कायमचा अधू झाला, करारही संपला. त्याने वाद्ये विकून टाकली. घरात उरलेली एक गिटार त्याने तान्ह्या मुलासाठी छेडली आणि पोर खुदकन हसले, असे तो स्वतःच सांगतो. मग तो ओकलंडच्या रस्त्यांवर उभा राहून गाऊ लागला. बड्या करारापेक्षा रस्त्यावरच्या या गाण्यानेच त्याला अधिक घडवले, असे माझे मत आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीने घेतलेल्या स्पर्धेत हजारो स्पर्धकांतून तो पहिला आला. २०१७, २०१९ आणि २०२१ असा तीन वेळा त्याला समकालीन ब्लूजचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आता नीट पाहा: हा गडी ‘एकटा’ कुठे होता? पाठीशी श्रोत्यांच्या देणग्यांचाही आधार असलेली नभोवाणी होती आणि ओकलंडमधील कलावंत मित्रांचे मंडळ होते. हे ज्यांच्या नशिबी नाही, त्यांचे काय? स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या बलाढ्य संस्थेने २०२४ पासून नियमच केला की, मागील बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास मानधन नाही. कंपनी निदान आगाऊ रक्कम तरी देई! नवा धनी मोजणी करतो आणि गप्प बसतो.

तरीही स्वातंत्र्य पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा खरा लाभ पैशाचा नसून, काय गावे हे ठरविण्याचा आहे. २०२२ साली या गायकाने ‘स्टोअरफ्रंट’ या स्वतःच्या संस्थेतर्फे एक संग्रह काढला. विषय कोणता, तर अठराव्या शतकातील व्हर्जिनियात कायद्याला न जुमानता एकत्र राहिलेले त्याचे सात पिढ्यांमागचे पूर्वज: ती वेठीला बांधलेली गोरी स्कॉटिश बाई, तो काळा गुलाम. असा विषय घेऊन तो १९९६ साली कंपनीच्या दारात गेला असता, तर त्याला आत घेतले असते का, याची मला दाट शंका आहे. २०२४ चा संग्रहही त्याने स्वतःच काढला. त्यात त्याने बापाशी असलेला जुना हिशेब मांडला आहे.