कन्फ्यूट

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी एक वाक्य टाकलं, "बाबांनी आज मला पुन्हा कन्फ्यूट केलं." दोनच मिनिटांत भाचीचा प्रश्न आला, "मामा, कन्फ्यूज म्हणायचंय का?" मी म्हटलं नाही गं, कन्फ्यूट. त्यावर तिने डोळे फिरवणारा एक चेहरा पाठवला आणि विषय संपला.

तिचं काही चुकलं नाही. हा शब्द आता कुणी वापरत नाही. आमच्या घरात तो टिकला तो बाबांमुळे. बाबांनी तेहतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, तेही अगदी तर्खडकरी वळणाचं. कुणाशी वाद झाला आणि समोरच्याचा मुद्दा बिनतोड निघाला, की ते हातातला पेपर खाली ठेवायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "कन्फ्यूटेड!" म्हणजे मी हरलो, तू जिंकलास, आता चहा टाका. लहानपणी हा शब्द बाबांच्या तोंडून काढून घेणं हे माझं आणि ताईचं ध्येय असायचं. वर्षातून एक-दोनदा जमायचं.

तर आज या शब्दाबद्दल थोडं. आणि एका वादाबद्दल, जो मी जिंकलो आणि जिंकायला नको होता.

इंग्रजीत समोरच्याचं म्हणणं खोडण्यासाठी शब्दांची एक उतरंडच आहे. 'डिनाय' म्हणजे नुसतं नाकारणं, त्याला पुरावा लागत नाही. 'रिबट' म्हणजे उलट मुद्दा मांडणं, प्रतिवाद. 'रिफ्यूट' म्हणजे ते म्हणणं चूक आहे हे सिद्ध करून दाखवणं. आणि 'कन्फ्यूट' त्याच्याही एक पायरी पुढे. त्यात सिद्ध करणं तर आहेच, पण समोरच्याला बोलायला जागा न ठेवणंही आहे. शिवाय नुसता मुद्दाच नाही, माणूसही कन्फ्यूट होऊ शकतो. मूळ लॅटिन क्रियापदात आवर घालणं, गप्प करणं या छटा आहेत. एक जुनी व्युत्पत्ती तर त्याचा संबंध उकळतं भांडं शांत करण्याशी जोडते. म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर आपण पाण्याचा हबका मारतो ना, तसं. आजचे भाषातज्ज्ञ ती मानत नाहीत, ते ठोकणं-बडवणं या अर्थाचा धातू सांगतात. मला मात्र दुधाचीच आवडते.

आता यातल्या 'रिफ्यूट'चं काय झालं बघा. इंग्रजी बातम्यांत कुणीही कशालाही 'रिफ्यूट' करतो. खरं तर त्याने फक्त "हे खोटं आहे" एवढंच म्हटलेलं असतं. याबद्दल तक्रारी करून इंग्रजीचे जुने मास्तर थकले. आता शब्दकोशांनीही 'नाकारणे' हा अर्थ नोंदवून टाकला आहे.

आपण त्यांना हसायला नको. आपल्याकडे 'खंडन' या शब्दाचं हेच झालंय. "अमुक नेत्याने आरोपांचे खंडन केले" असं वाचून मी उत्सुकतेने बातमी उघडतो, तर आत एकच वाक्य, "या आरोपांत तथ्य नाही." अहो, हा इन्कार झाला! खंडन म्हणजे तोडणं, तुकडे करणं. त्यासाठी आधी समोरचं म्हणणं हातात तरी घ्यावं लागतं. इन्कार आणि खंडन यांना एकच शब्द झाला की पुरावा देणारा आणि न देणारा एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्यात फायदा कुणाचा होतो हे सांगायला नकोच. म्हणून माझं मत असं, की खंडन हा शब्द सिद्ध करून दाखवणाऱ्यासाठीच राखून ठेवावा. 'कन्फ्यूट'ही इंग्रजीवाल्यांनी जपून ठेवावा, पण वेगळ्या कारणासाठी. तो धोक्याची सूचना म्हणून उपयोगी आहे.

या शब्दाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम टिंडल नावाच्या विद्वानाने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला. तो १५२६ मध्ये छापून निघाला. त्याने 'चर्च'ऐवजी 'काँग्रिगेशन' लिहिलं, 'चॅरिटी'ऐवजी 'लव्ह' लिहिलं. आपल्याला वाटेल, यात काय एवढं? पण 'चर्च' म्हणजे संस्था आणि 'काँग्रिगेशन' म्हणजे जमलेली माणसं. सगळी सत्ताच या शब्दांवर उभी होती. सर थॉमस मोर याने त्यावर टीका केली, टिंडलने १५३१ मध्ये उत्तर दिलं, आणि त्या उत्तराला मोरने जे उत्तर लिहिलं त्याचं नावच 'कन्फ्यूटेशन' असं होतं. १५३२ आणि १५३३ अशा दोन वर्षांत ते भागाभागांनी निघालं आणि लांबी म्हणाल तर लाखो शब्दांची. टिंडलचा एकेक उतारा घ्यायचा आणि खोडायचा, पुढचा घ्यायचा आणि खोडायचा. चिकाटी मानायलाच हवी.

पण त्यामुळे टिंडल गप्प झाला का? तो गप्प झाला तो १५३६ मध्ये, ब्रुसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारून जाळलं तेव्हा. हे युक्तिवादाचं काम नव्हे. आणि त्याच्या शब्दांनी तरीही हार मानली नाही. १६११ च्या राजमान्य बायबलमध्ये नव्या कराराचा फार मोठा भाग टिंडलच्याच भाषेत आहे. त्यात 'चर्च' आणि 'चॅरिटी' हे मोरचे शब्द राहिले खरे, पण १८८१ च्या सुधारित आवृत्तीत 'चॅरिटी' जाऊन पुन्हा 'लव्ह' आलं. साडेतीनशे वर्षं चाललेला वाद!

आणि मोर? राजा आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायला तो तयार नव्हता. त्याने शपथ घेतली नाही आणि का घेत नाही हेही सांगितलं नाही. लाखो शब्द लिहिणारा माणूस गप्प बसला. खटल्यात त्याचा एक बचाव असा होता की कायद्याच्या वचनाप्रमाणे मौन म्हणजे संमती, तेव्हा माझ्या मौनाला विरोध समजू नका. आपलंच 'मौनं संमतिलक्षणम्' की हो! पण त्याच्या मौनात संमती नाही हे न्यायाधीशांनाही कळत होतं आणि त्यालाही. १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

हे सगळं मी पूर्वी वाचलं होतं. कळलं मात्र घरात.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. फिरायला जाणाऱ्या मित्राने सांगितलं, आकडा नॉर्मल आला की गोळी सोडायची. मला कळल्यावर मी तयारी करून बसलो. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळे, छत्री उघडी असताना अंग कोरडं आहे म्हणून छत्री मिटायची का, पक्षाघाताचा धोका किती, सगळं मुद्देसूद. बाबांनी दोनदा काहीतरी बोलायला सुरुवात केली, दोन्ही वेळा मी पुढचा मुद्दा काढला. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कन्फ्यूटेड." मला लहानपणीसारखा आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

तीन महिन्यांनी ताई माहेरी आली. बाबांच्या कपाटात तिला गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा सापडला. एकही फोडलेलं नव्हतं.

ती माझ्यासारखी वाद घालत बसली नाही. त्यांच्यासमोर बसून एवढंच म्हणाली, "बाबा, तुमचं म्हणणं काय आहे ते मला सांगा. मी मधे बोलणार नाही." मग बाबांनी सांगितलं. गोळी घेतली की सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आमचे मोठे काका न्हाणीघरात पडले होते आणि पुन्हा उठले नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबांना पक्षाघाताची भीती नव्हती, पडण्याची होती. फिरायच्या मित्राचा सल्ला हे फक्त निमित्त. दुसऱ्या दिवशी ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी झोपून आणि उभं करून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजला आणि औषध बदललं. बास, एवढंच होतं.

म्हणजे मी ज्या मुद्द्याचं खंडन केलं तो बाबांचा मुद्दाच नव्हता. त्यांना मी फक्त गप्प केलं आणि त्या गप्प बसण्याला होकार समजलो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या जागा दिल्या आहेत, निग्रहस्थानं म्हणतात त्यांना. एकूण बावीस. त्यातलं एक आहे 'अप्रतिभा', म्हणजे उत्तर न सुचणं. या नियमाने त्या दिवशी बाबा हरले. पण त्याच यादीत आणखी एक आहे, 'अननुभाषण'. समोरच्याने तीनदा सांगूनही ज्याला त्याचं म्हणणं परत बोलून दाखवता येत नाही, तोही हरला! मी तर बाबांना एकदाही धड बोलू दिलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा वाटलं, त्या दिवशी चष्मा मी काढायला हवा होता.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. कुणाचं म्हणणं खोडण्याआधी ते त्यालाच सांगून दाखवायचं आणि विचारायचं, "असंच ना?" दहातल्या सहा वेळा उत्तर येतं, "नाही रे, तसं नाही." मग पुन्हा ऐकायचं. याने वाद लांबतात, मान्य आहे. ब्लॉगवरच्या चर्चेत तर हे जवळजवळ अशक्यच वाटतं, कारण तिथे गप्प झालेला माणूस पटल्यामुळे गेला, वैतागून गेला की जेवायला गेला, हे कळायला काहीच मार्ग नाही.

असो. भाचीला एवढं सगळं ग्रुपवर कुठे लिहीत बसू, म्हणून इथे लिहिलं. आज सकाळी याची छापील प्रत बाबांना दिली आहे. लाल पेन शोधताहेत.