निळी रेषा, लाल रेषा आणि एक बाजारपेठ

चिपळूणच्या बाजारपेठेतील जुन्या घरांमध्ये गेले की भिंतीवर दोन खुणा दिसतात. खालची २६ जुलै २००५ ची, वरची २२ जुलै २०२१ ची. कोठे त्या पेन्सिलीने काढलेल्या आहेत, कोठे तैलरंगाने; एका कापडाच्या दुकानात तर वरच्या खुणेसाठी भिंत रंगवावीच लागली नाही, गाळाने ती आपली आपणच काढून ठेवली होती. या खुणा काढताना कोणी मोजपट्टी घेऊन बसले नव्हते. पाणी ओसरले, माणसे खाली आली, आणि पहिल्यांदा जे सुचले ते केले. पुढे सरकारी कार्यालयातून शहराच्या नकाशावर आणखी दोन रेषा आल्या, एक निळी व एक लाल. भिंतीवरच्या खुणांवरून कोणी भांडले नाही. नकाशावरच्या रेषांवरून मात्र गाव उपोषणाला बसले.

आम्ही दोघे याच जिल्ह्यात मराठी शिकवतो. नगररचना हा आमचा विषय नव्हे, आणि जलशास्त्र तर नव्हेच. तरीही या वादावर लिहावे असे वाटले, कारण तो ज्या भाषेत चालला आहे ती वाचणे हे आमचे काम आहे. आणि एखादे शहर हळूहळू विरळ होत असताना त्यातील साहित्याच्या शिक्षकांनी केवळ हळहळावे हे आम्हांला पटत नाही.

प्रथम रेषांविषयी. निळी पूररेषा ही ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येऊ शकेल अशा पुराची, आणि लाल ही शंभर वर्षांतून सरासरी एकदा येऊ शकेल अशा पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळ्या व लाल रेषांमधले ते नियंत्रित क्षेत्र. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी जी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली (मुंबई व काही क्षेत्रे वगळून), तिच्यानुसार निषिद्ध क्षेत्रात बाग, वाहनतळ, ओट्यांची उघडी भाजीमंडई, स्मशानभूमी असल्याच गोष्टींना वाव आहे. तेथील जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास करता येतो, आणि नियंत्रित क्षेत्रात नवे बांधकामही करता येते. पण दोन्ही ठिकाणी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर.

वाचायला हे समंजस वाटते, आणि पुष्कळ अंशी ते आहेही. परंतु ज्या गल्लीत लाल रेषेची पातळी माणसाच्या डोक्यावरून जाते, तेथे याचा अर्थ इतकाच की दुकान जमिनीवर असणार नाही. ते खांबांवर असेल. किराणा घेणारी म्हातारी जिना चढेल, हातगाडी खाली उभी राहील, आणि ज्याला फळीवरचे दुकान म्हणतात ते संपेल. दुसरा शब्द ‘अधिकृत’. ज्यांची घरे तीन पिढ्यांपूर्वी, नकाशा मंजूर करून घेण्याची रीत अंगवळणी पडण्याआधी बांधली गेली, त्यांच्यापाशी घरपट्टीच्या पावत्या असतात. मंजूर नकाशा नसतो. म्हणजे जो नियम जुन्याला सवलत देतो, तोच जुनेपण सिद्ध करण्याचा कागद मागतो. नियम लिहिणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नव्हता हे आम्ही धरूनच चालतो. पण त्याच्या मनात ही गल्लीही नव्हती.

आता दुसऱ्या बाजूची एक चूक. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द गावात दिलाशासारखे वापरले जातात. आपल्या हयातीतला पूर येऊन गेला, आता नातवांनी पाहावे! वास्तविक त्या शब्दांचा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. आणि तीस वर्षे फेडायच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ चारांत एक. ही शक्यता कोणी सुज्ञ माणूस खिजगणतीतून काढणार नाही. तेव्हा ‘रेषा पुसा’ ही मागणी आम्हांला मान्य नाही. रेषा पुसल्याने पाणी अडत नाही, आणि उद्या घर विकत घेणाऱ्या परगावच्या शिक्षकाला ती माहीत असण्याचा हक्क आहे.

मग आमचा आक्षेप कशाला? रेषा ही नदीविषयीचे विधान आहे, आणि नदी म्हणजे केवळ निसर्ग असे हे विधान गृहीत धरते. वाशिष्ठीच्या बाबतीत ते गृहीत खरे नाही. कोयनेचे जे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेकडे वळवून वीज निर्माण केली जाते, ते पोफळी आणि कोळकेवाडीमार्गे अखेर याच नदीत उतरते. बच्छावत लवादाने या वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा ठरवली. म्हणजे पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारे एवढे पाणी आता दाभोळच्या खाडीकडे जाते. याच्या जोडीला डोंगरउतारावरील तोड, महामार्गासाठी झालेले कटाव, नदीपात्रात वाढलेली बेटे, आणि शहराच्या कडेच्या भातखाचरांत घातलेले भराव. २०२१ च्या त्या रात्री पाऊस किती, भरतीचा वाटा किती, आणि कोळकेवाडीतून सुटलेल्या पाण्याचा किती, यावरून पुढे पुष्कळ वादंग झाले. आम्ही त्यात न्यायाधीश होऊ इच्छित नाही. मात्र ज्या पुराच्या कारणांत धरण, रस्ता आणि भराव यांची नावे घेतली जातात, त्याचा भुर्दंड सगळ्यांत खालच्या टोकाला असलेल्या कापडवाल्याच्या जोत्यावर मोजला जातो, एवढे तर कोणालाही दिसते. वरच्या बाजूला कोणतीच रेषा नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नागरिकांनी जे उपोषण सुरू केले, त्यात म्हणूनच दोन मागण्या एकत्र होत्या: गाळ काढा, आणि रेषा मागे घ्या. पुढे गाळ उपसण्याचे काम झाले, यंत्रे नदीत उतरली, काठावर मातीचे ढीग लागले. पण या दोन मागण्यांमधले नाते कोणी नीट उलगडून सांगितले नाही. पात्र खोल झाले की तेवढेच पाणी खालच्या पातळीवरून जाईल, हिशेब बदलेल, रेषाही बदलू शकेल. आणि गाळ पुन्हा भरला की ती पुन्हा वर सरकेल. रेषा म्हणजे नदीच्या त्या त्या दिवसाच्या प्रकृतीचे टिपण. तिला शिलालेख समजणारे कार्यालय, आणि तिला शाप समजणारे गाव, दोघांनीही ते टिपण म्हणून वाचले नाही.

हे ज्या शहरात घडते आहे त्याची अवस्था लक्षात घेतली पाहिजे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. राज्य वाढत असताना जिल्हा घटला. त्याच २०११ च्या जनगणनेत येथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. या आकड्याचे कोणी कौतुक करू नये. पुरुष मुंबईला गेले एवढाच त्याचा अर्थ. अशा जिल्ह्यात चिपळूणसारखे गाव आजूबाजूच्या खेड्यांना धरून ठेवणारी शेवटची गाठ असते. खेड्यातला माणूस मुंबई गाठण्याआधी एकदा तालुक्याच्या गावात उभा राहून पाहतो. येथे दुकान निघते का, शिकवण्या चालतात का, छापखान्यात काम मिळते का? ही गाठ सुटली की मग सरळ गाडी.

पुरानंतर आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरांतून जे निर्णय झाले ते आम्ही जवळून पाहिले. कोणी नाट्यमय रीतीने गाव सोडले नाही. दुकान पुन्हा उघडले, पण माल निम्माच भरला. वरचा मजला दुरुस्त करायचा बेत ‘रेषेचे काय ते ठरू दे’ म्हणून लांबला. धाकट्याने मग ठाण्याला नोकरी धरली. शहर ओसरते ते असे, पुराच्या नेमके उलट: आवाज न करता, आणि भिंतीवर खूण न ठेवता.

आमच्या साहित्याने कोकणातील पडक्या घराकडे खूप पाहिले. खोतांची घराणी, ओसाड माड्या, परसातली विहीर, तिच्याकडे परतणारा चाकरमानी. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये शेजारच्या खेड तालुक्यातली जगबुडी नदी आहे, आणि एका घराण्याचा ऱ्हास आहे. पण बाजारपेठेचा ऱ्हास? वखारवाला, शिंपी, पुस्तकविक्रेता, त्यांच्या ओट्यावर बसणारी चार माणसे यांना आमच्या स्मरणरंजनात फारशी जागा मिळाली नाही. कदाचित बाजाराविषयी हुरहूर वाटणे आम्हांला थोडे कमी दर्जाचे वाटत आले असावे. (आम्ही स्वतःला यातून वगळत नाही. अभ्यासक्रमात ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरीय’ असे दोन कप्पे करून आम्हीच वर्षानुवर्षे शिकवत आलो. मधले गाव कोणत्याच कप्प्यात बसले नाही.)

त्या मधल्या गावाचे एक उदाहरण लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. १८६४ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय २००५ मध्ये बुडाले, पुन्हा उभे राहिले. २०१३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरवण्यात ते पुढे होते. आणि २०२१ मध्ये पुन्हा बुडाले. दोन्ही वेळा हजारो पुस्तकांचा लगदा झाला, दोन्ही वेळा लोकांनी पुस्तके पाठवली. अशी संस्था निव्वळ हिशेबाने उंच, कोरड्या, शहराबाहेरच्या जागी हलवावी असे कोणीही म्हणेल. पण संध्याकाळी भाजी घेऊन येताना मासिक बदलून नेणारा वाचक तेथे जाणार नाही. ग्रंथालय वाचेल, वाचक बुडेल.

तेव्हा काय व्हावे? रेषा असावी, पण तिच्यामागचे गणित, म्हणजे किती पाणी धरले, कोळकेवाडीचा विसर्ग कसा गणला, पात्राची मोजणी गाळ काढण्यापूर्वीची की नंतरची, हे सारे मराठीत छापून नगर परिषदेच्या फलकावर लागावे. विकास आराखडा तयार होतो तेव्हा नागरिकाला हरकत घेण्याची सोय १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आहे. पूररेषा मात्र तज्ज्ञांच्या उत्तरासारखी येते, आणि उत्तरावर हरकत घ्यायची तर आधी प्रश्न ठाऊक असावा लागतो. जुने गावठाण आणि कालचा भराव यांना एकच नियम नसावा. खाचरात माती टाकून उभ्या राहिलेल्या संकुलाने जे पाणी सरकवले, ते पेठमापच्या दारात आले. आणि ज्यांच्याकडे मंजूर नकाशा नाही, त्यांच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती चालावी. यातले काहीही क्रांतिकारक नाही.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही निबंधाऐवजी एक काम दिले: आपापल्या आळीतील भिंतीवरच्या खुणा पाहा, जमिनीपासून उंची मोजा, कोणत्या सालची ते विचारा, खूण कोणी काढली तेही लिहा. मुले सुट्टीत हिंडली. बऱ्याच ठिकाणी खुणा नव्हत्या. दिवाळीला रंग काढताना गेल्या. मुरादपूरच्या एका घरी मात्र नव्याने पिवळा रंग दिलेल्या भिंतीत वीतभर रुंदीची पट्टी जुन्याच रंगाची सोडलेली आढळली. रंगाऱ्याला चुकून राहिली असे वाटून त्याने ती भरायला घेतली, तेव्हा घरातल्या आजींनी त्याच्या हातातला कुंचला धरला होता म्हणे.