वाकड्या पायाचे बूट: किती वर्षे घालायचे आणि ते कोणी ठरवायचे?

जन्मजात वाकड्या पायावरचा, म्हणजे क्लबफूटवरचा उपचार आता फार अवघड राहिलेला नाही. अवघड आहे तो त्यानंतरचा काळ. प्लास्टर निघते, पाय सरळ दिसतो आणि एका दांडीला जोडलेले दोन बूट घरी येतात. डॉक्टर त्याला ब्रेस म्हणतात. पोहरादेवी परिसरातल्या गावांत, वस्त्यांत, तांड्यांवर आम्ही आरोग्याविषयी बोलायला बसतो तेव्हा या बुटांबद्दल एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "पाय तं सरळ झाला, आता बूट कायले घालाचे?" या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. ते चुकले तर त्याची किंमत मूल जन्मभर मोजते.

आमचे उत्तर असे आहे. बूट किमान ४ वर्षांच्या वयापर्यंत घालायचेच. त्यापुढे ५ वर्षांपर्यंत घालायचे की थांबायचे, हे पाय तपासून डॉक्टरांनी आणि आईवडिलांनी मिळून ठरवायचे. ४ वर्षांच्या आत हा प्रश्न घरात चर्चेला घेऊच नये.

यामागचे कारण समजून घेऊ. साधारण दर हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलांत तो दुपटीने आढळतो आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आयुष्यभर काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी यावर मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय उपचार शोधला. दर आठवड्याला पाय हलक्या हाताने थोडा थोडा वळवायचा आणि प्लास्टर घालायचे. अशी पाच-सहा प्लास्टर होतात. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर छोट्या छेदाने मोकळी करतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. ते निघाले की त्याच दिवशी बूट चढतात.

पायाला आत आणि खाली ओढणाऱ्या शिरा व स्नायूबंध मात्र पाय सरळ झाल्यावरही आपला स्वभाव सोडत नाहीत. पहिल्या चार-पाच वर्षांत पाय झपाट्याने वाढतो आणि ही ओढही तेव्हाच जोरात असते. बूट दोन्ही पावले बाहेरच्या बाजूला वळवून धरतात आणि बाळ पाय झाडते तेव्हा त्या शिरा ताणल्या जातात. म्हणून एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत लागतात. दांडी काढून नुसता बूट घातला तर पाऊल बाहेर वळलेले राहत नाही. पाय सरळ झाला म्हणून बूट काढायचे, हा हिशेबच उलटा आहे. बूट आहेत म्हणून पाय सरळ आहे.

पोन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक आकडा दिला आहे, तो प्रत्येक घराला सांगावा असा आहे. नियमाने बूट घालणाऱ्या मुलांत दोष परतण्याचे प्रमाण ६ टक्के होते. बूट सोडून देणाऱ्यांत ते ८० टक्क्यांहून जास्त होते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. पहिले ३ महिने दिवसातले २३ तास, म्हणजे फक्त आंघोळीपुरते बूट काढायचे. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास. उरलेला दिवस मूल मोकळे असते. ते रांगते, उभे राहते, चालते. या बुटांनी चालणे बंद पडत नाही.

काही घरांना वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी वर्षे सांगितलेली असतात. त्याने गोंधळू नये. पोन्सेटींच्या जुन्या लेखनात रात्रीच्या वापराला दोन ते चार वर्षे सांगितलेली आहेत. दोष परतलेली मुले पाहून पुढे हा काळ चार-पाच वर्षांकडे सरकला. दुसऱ्या एखाद्या आजाराबरोबर पाय वाकडा असेल, तर त्या मुलाचा हिशेब वेगळा असतो आणि तो त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचा.

मग बूट मध्येच का सुटतात? पहिले कारण म्हणजे रडणे. नवे बूट घातल्यावर पहिले काही दिवस बाळ किरकिरते. दोन्ही पाय एकत्र हलवायची त्याला सवय नसते. आईने दांडी धरून पाय खेळवत राहिले की ते शिकते. रडले की काढले, असे दोनदा झाले तर रडल्यावर बूट निघतात हेही ते शिकते. बूट घालताना सुती मोजे असावेत आणि टाच तळाला टेकलेली असावी. लाल डागावर तेल किंवा मलम लावू नये, त्याने कातडी आणखी मऊ पडते. फोड आला किंवा डाग गडद झाला तर दवाखाना गाठावा.

दुसरे कारण म्हणजे चालणे. मूल वर्षाचे होऊन चालू लागले की आजी म्हणते, आता झाले. याच वयात सर्वात जास्त बूट माळ्यावर जातात. पुढे टाच हळूहळू उचलली जाते, पाऊल आत वळते आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत पुन्हा प्लास्टरची वेळ येते. काही मुलांना मग पावलावरची शीर दुसऱ्या जागी बसवण्याची शस्त्रक्रियाही लागते.

तिसरे कारण बोलले जात नाही. ते म्हणजे दोष देणे. गरोदरपणी ग्रहणात विळी-चाकू हातात घेतला म्हणून असे मूल झाले, मागच्या जन्मीचे पाप भोवले, असे आजही बाईला ऐकवले जाते. ग्रहणाने पाय वाकडा होत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली आहे. ती आपल्या घरात बाळंतिणीच्या खाटेजवळ पुन्हा येता कामा नये. ज्या आईला आधीच गुन्हेगार ठरवले, ती लोकांसमोर बाळाचे बूट लपवणार आणि लपवता लपवता बंद करणार. चार वर्षे रोज रात्री बूट बांधणे हे एकट्या बाईचे कामही नाही. बापाने ते बांधायला पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावे.

चौथे कारण आमच्या भागाचे आहे. बोटे बुटाच्या कडेबाहेर आली की मोठे माप लागते. दांडीची लांबीही बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी ठेवावी लागते. पोहरादेवीहून मानोरा, तिथून वाशिम, अकोला किंवा यवतमाळ. बसभाडे आणि बुडालेली मजुरी मिळून बुटांपेक्षा प्रवास महाग पडतो. दिवाळीनंतर काही घरे ऊसतोडीला जातात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. तेवढ्यात बूट लहान झालेले असतात. अशा घराला बेफिकीर म्हणणे आम्हाला मान्य नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघर येथून सुरू झाला. वाकडे पाय त्याच्या यादीत आहेत आणि त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुले तपासतात. पथकाने बाळ शोधून पुढे पाठवले की काम संपले, असे होऊ नये. पुढच्या प्रत्येक फेरीत त्या मुलाचे बूट मापाचे आहेत का, रात्री बांधले जातात का, हे विचारले जावे. पुढचे माप मानोऱ्यापर्यंत पोहोचावे. स्थलांतर करणाऱ्या घराला निघण्यापूर्वीच मोठा जोड मिळावा आणि जिथे जायचे तिथल्या दवाखान्याचे नाव कार्डावर लिहून द्यावे. बूट कधी बंद होणार, ती तारीखही पहिल्याच दिवशी कार्डावर लिहावी. चार वर्षांचा रस्ता आहे हे आधी कळले की माणूस त्याची तयारी करतो.

बूट बंद करण्याच्या दिवशीही तपासणी सोडू नये. गुडघा सरळ असताना पाऊल वर वळते का, टाच जमिनीला टेकते का, चालताना पाऊल आत जाते का, हे पाहूनच निर्णय व्हावा आणि पुढची काही वर्षे वर्षातून एकदा पाय दाखवावा.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी असे मूल आहे, त्यांनी आज रात्री एवढे करावे. बूट काढून ठेवले असतील तर ते घालून पाहावेत. टाच तळाला टेकत नसेल किंवा बोटे बाहेर येत असतील तर जबरदस्ती करू नये, या आठवड्यातच अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला सांगून डॉक्टरांकडे जावे. आणि त्या आईला कोणी नावे ठेवत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.