हमी कोणाला आणि कोणत्या वेळी?

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो सरकारी व निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. १४ ते २० मार्च या काळात शाळा, रुग्णालये व तहसील कचेऱ्यांचे कामकाज विस्कळीत झाले, अवकाळी पावसाच्या नुकसानीचे पंचनामे रखडले आणि सरकारने अभ्यास समिती नेमल्यावर संप मागे घेण्यात आला. त्यानंतर काही दिवसांनी, ३१ मार्च रोजी, निघालेल्या एका शासन निर्णयाकडे मात्र त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले. नव्या योजनेतील कर्मचारी सेवेत असताना मरण पावल्यास त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि आजारामुळे वा अपंगत्वामुळे त्याला सेवा सोडावी लागल्यास रुग्णता निवृत्तिवेतन देण्याचा तो निर्णय होता. सरकारी हमीचे खरे मोल तपासायचे असेल, तर मोर्च्यांपेक्षा या निर्णयाकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

जुन्या योजनेचे गणित सोपे होते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार कर्मचाऱ्याच्या पगारातून एक पैसाही कापला जात नसे. निवृत्तीनंतर साधारणतः अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम तहहयात मिळे आणि महागाई भत्त्याबरोबर ती वाढत राही. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट केले. हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. पुढे आयुर्मान वाढले, वेतन आयोगांनी वेतन वाढवले आणि तिजोरीवरील भार फुगला. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी ही हमी काढून घेतली. त्या जागी अंशदानाची योजना आली. कर्मचाऱ्याचे दहा टक्के, सरकारचे आधी दहा व पुढे चौदा टक्के. त्याची गुंतवणूक बाजारात. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यायचे.

या बदलाकडे केवळ रकमेचा बदल म्हणून पाहिले गेले, तिथेच चर्चा चुकली. हमी म्हणजे मुळात जोखीम कोणी उचलायची याचा करार असतो. बाजार कोसळला तर काय, माणूस नव्वद वर्षे जगला तर काय, महागाई वाढली तर काय, या प्रश्नांचे ओझे २००५ पूर्वी सरकारवर होते, ते नंतर कर्मचाऱ्यावर आले. वर्षासनाचा आकडा सहसा गोठलेला असतो. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर बारा वर्षांत त्याची क्रयशक्ती निम्मी होते.

तरीही तीस-पस्तीस वर्षे नोकरी करणाऱ्याला ही जोखीम पेलण्यास निदान वेळ मिळतो. पाचव्या वर्षीच ज्याला अर्धांगवायू झाला त्याचे काय? समजण्यापुरते उदाहरण घेऊ. मूळ वेतन २० हजार व महागाई भत्ता दहा हजार असलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यात दोन्ही मिळून २४ टक्के, म्हणजे दरमहा ७,२०० रुपये जमा होतात. पाच वर्षांत ४ लाख ३२ हजार. व्याजासह ही रक्कम सव्वापाच लाख झाली असे धरले आणि सगळीच वर्षासनात घातली, तरी सहा टक्क्यांच्या दराने महिन्याला मिळतात जेमतेम २,६०० रुपये. तेही न वाढणारे. केंद्राच्या जुन्या नियमांत मात्र रुग्णता निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी नसते. महागाई भत्ता धरून ते याच कर्मचाऱ्याला नऊ हजारांच्या घरात जाईल. बचतीवर आधारलेली कोणतीही योजना अकाली संकटापुढे दुबळीच ठरणार, कारण बचतीला वर्षे लागतात आणि अपंगत्व वर्षे मोजत नाही.

ही त्रुटी धोरणकर्त्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. केंद्राने मे २००९ मध्येच आदेश काढून नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांना मृत्यू वा अपंगत्वाच्या प्रसंगी जुन्या नियमांचे लाभ तात्पुरत्या स्वरूपात दिले. जानेवारी २०१९ मध्ये रुग्णता निवृत्तिवेतनासाठी असलेली दहा वर्षांच्या सेवेची अट शिथिल झाली. एप्रिल २०२५ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि दोन-अडीच महिन्यांतच, जूनमध्ये, तिच्यातील कर्मचाऱ्यांनाही या दोन प्रसंगी जुन्या नियमांचा पर्याय खुला करण्यात आला. थोडक्यात, बाजाराची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक योजनेला अपंगत्वाच्या उंबरठ्यावर जुन्या हमीकडेच परतावे लागले. महाराष्ट्राला मात्र त्यासाठी २०२३ उजाडावे लागले आणि एक संप व्हावा लागला. मधल्या सतरा वर्षांत ज्या घरांतील कमावता माणूस गेला, त्यांनी हा काळ कसा काढला याची चर्चा त्या संपाच्या गदारोळातही फारशी झाली नाही.

आता निवृत्तीच्या हमीकडे वळू. तिचा इतिहास अधिक राजकीय आहे. जुनी योजना पुन्हा आणल्यास राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात सांगितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पराभूत झाले. त्या प्रचारात निवृत्तिवेतनाचा मुद्दा ठळक होता. वर्षभराने, मार्च २०२४ मध्ये, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ देणारी सुधारित योजना विधिमंडळात जाहीर केली. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिच्या स्वीकारास मान्यता दिली. एवढी तत्परता मंत्रालयात एरवी क्वचितच दिसते.

केंद्राच्या योजनेत पूर्ण हमीसाठी २५ वर्षांची सेवा लागते, दहा वर्षांनंतर किमान दहा हजारांचे आश्वासन आहे आणि सरकारचा वाटा १८.५ टक्के झाला आहे. असे असूनही, मुदत वारंवार वाढवून देखील सुमारे २३ लाख पात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती स्वीकारली. त्याचे एक कारण उघड आहे. हमी घेतली की साठलेल्या रकमेवरचा ताबा बराचसा सोडावा लागतो; तरुण कर्मचाऱ्याला तो सौदा परवडत नाही.

हमीचा खर्च लगेच दिसत नाही, हे तिचे राजकीय आकर्षण आणि आर्थिक दुखणे. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सर्व राज्ये जुन्या योजनेकडे वळल्यास एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. पण २००५ नंतर सेवेत आलेले कर्मचारी मोठ्या संख्येने निवृत्त होतील २०३५-४० च्या पुढे. तोवर अंशदान वाचल्याचा आनंद आजच्या अर्थमंत्र्याला आणि देयक उद्याच्या. हिमाचल प्रदेशात सप्टेंबर २०२४ मध्ये पगार पाच तारखेला व निवृत्तिवेतन दहा तारखेला द्यावे लागले, तेव्हा अनेकांनी २०२३ मधील जुन्या योजनेच्या पुनरागमनाकडे बोट दाखवले. ते घाईचे होते. त्या योजनेचा मोठा भार अजून यायचाच आहे. कागदावरची हमी आणि तिजोरीतली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र त्या आठवड्यात तेथील निवृत्तांना कळले.

आणि ज्यांच्याकडे पगाराची चिठ्ठीच नाही, त्यांचे काय? राज्यघटनेचे ४१ वे कलम वार्धक्य, आजार व अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य देण्यास शासनाला सांगते, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. आणि मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही तीच पळवाट आहे. त्या कायद्याचे २० वे कलम सरकारी कर्मचाऱ्याला सेवेत अपंगत्व आल्यास कामावरून काढता येणार नाही, दुसरे काम द्यावे, तेही जमत नसेल तर अधिसंख्य पदावर त्याच वेतनात ठेवावे, असे बजावते. शेतमजुराचा हात यंत्रात गेला तर त्याच्यासाठी अशी कोणतीही तजवीज नाही. केंद्राच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धाला ऐंशी वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्याला ३०० रुपये मिळतात. दिव्यांगांचा हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. खासगी नोकरीतल्यांसाठीच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून एक हजारावर अडकली आहे.

राज्याने संजय गांधी निराधार व श्रावणबाळ योजनांचे अनुदान २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार केले. दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक द्यावे, असे २०१६ च्या कायद्यात लिहिलेले असताना प्रत्यक्षात त्यांना अडीच हजार मिळण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. या रकमेला महागाईची जोड नाही. पुढची वाढ कधी, हे पुढचे मंत्रिमंडळ ठरवेल. निवृत्त कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला की भागते. निराधाराला आपण जिवंत आहोत याबरोबरच आपण अजूनही पुरेसे गरीब आहोत, हेही तहसील कार्यालयात सिद्ध करावे लागते.

दरम्यान, न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत, अंशदानाविना चालणाऱ्या निवृत्तिवेतन योजनांच्या निधीविरहित खर्चाचा विचार करावा असे नमूद झाले आहे. त्यावर कर्मचारी संघटनांनी आक्षेप नोंदवला आहे. संजय गांधी योजनेच्या लाभार्थ्यांची बाजू मांडणारे कोणीही त्या आयोगापुढे असणार नाही. तो त्यांच्यासाठी नेमलेलाच नाही.