केवलादेवाची सायकलवाट

साठी उलटल्यावर सायकलीवर बसूं नये, असें घरांतील मंडळींचें मत. तथापि राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत आम्ही नातवासह बसलोंच. दरवाज्यापाशीं सायकली भाड्यानें मिळतात. तेथून केवलादेव शंकराच्या देवळापर्यंतचा सुमारें ५ किलोमीटरांचा रस्ता सपाट, दोहों बाजूंस पाणथळ व बाभळी. आणि सायकलीचा गलका नसल्यानें चित्रबलाक घरटें सोडून उडत नाहींत. देवळाजवळील शिळेवर जुन्या शिकारींचे आंकडे कोरलेले आहेत. १९३८ सालीं व्हाइसरॉय लिनलिथगो आले असतां एका दिवसांत ४,२७३ पक्षी! एका क्रौंचाच्या वधानें आदिकवीस शोक झाला, हें आम्ही आयुष्यभर शिकवीत आलों. “आजोबा, हें कोरून कां ठेवलें?” नातवानें विचारलें. उत्तर सुचेना, आम्ही त्यास पाणकावळे मोजावयास सांगितलें.