कळ आणि कळवळा

गुडघा ठणकू लागला की मी पॅरासिटामॉलची गोळी घेतो. बहुतेक घरांत ती असतेच. ओहायो राज्य विद्यापीठात या औषधावर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना १००० मिलिग्रॅम औषध दिले, इतरांना औषधाविना तसेच पेय. तासाभराने सर्वांना परदुःखाचे प्रसंग वाचायला दिले : कुणाला सुरीने हाडापर्यंत कापले, कुणाचे वडील गेले. औषध घेतलेल्यांना त्या माणसांच्या वेदना कमी वाटल्या.

परिणाम सौम्य होता आणि तात्पुरता. कुणी गोळ्या फेकून द्याव्यात असे नाही. (मीही फेकलेल्या नाहीत.) पण स्वतःची कळ आणि दुसऱ्याविषयीचा कळवळा यांची मेंदूतली वाट काही अंशी एकच असावी, असे यातून दिसते. मराठीला हे नवे नाही. पोटात कळ आलेले मूल कळवळते, आणि उशाशी बसलेली त्याची आईही कळवळते.

'माझा मेंदू, माझा निर्णय' हा युक्तिवाद इथे अडखळतो. चीनमध्ये हे जियान्कुई यांनी जुळ्या मुलींची जनुके भ्रूणावस्थेत बदलल्याचे २०१८ साली उघड झाले. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. तिथे अन्याय ओळखणे सोपे होते, त्या मुलींना कुणी विचारले नव्हते. स्वखुशीने स्वतःला बदलणाऱ्या प्रौढाचे काय? प्रोप्रानोलॉल या रक्तदाबाच्या औषधाने भीषण आठवणींची धार बोथट करता येते का, याचे प्रयोग या शतकाच्या आरंभीच सुरू झाले होते. अमेरिकी अध्यक्षांच्या जैवनीती परिषदेने २००३ मध्ये शंका उपस्थित केली, की अशाने आपण क्रौर्य पाहूनही निर्विकार राहू लागलो तर?

अत्याचार सोसलेल्या स्त्रीला त्या औषधाने झोप लागणार असेल, तर तिला नीतिपाठ देणारा मी कोण? ते तिला मिळालेच पाहिजे. पण कैद्याची चौकशी करणारा अधिकारी ड्यूटीवर जाण्यापूर्वी तीच गोळी मागू लागला, तर त्याची एकट्याची संमती मला पुरेशी वाटत नाही. गोळी तो घेणार, किंमत दुसरा मोजणार. शिवाय आपले काय हरवले हे त्याला कळायचे कसे? जे कळण्याचे साधन, तेच बोथट झालेले.

अशा औषधांच्या चाचणीत प्रश्न बहुधा घेणाऱ्यालाच विचारले जातात : झोप कशी आहे, मन शांत आहे का? त्याच्या बायकोला, हाताखालच्या शिपायाला, समोर उभ्या असलेल्या कैद्याला विचारण्याचा एक रकाना त्या कागदावर हवा.